दंडावरची टिकली

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी फाउंड्री वसाहतीतल्या आलेल्या सगळ्या बायका कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालून आल्या. ही काही फॅशन नव्हती हे रेश्मा मगदूमला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यातले निम्मे ब्लाऊज तिनंच शिवले होते. हल्ली उन्हाळा पंचांग विचारून येत नाही. जानेवारीतच पंखे गरगरत होते, तरी एकेक जण येऊन "बाही जरा लांब ठेव गं" असं कानात सांगून गेली होती. रेश्मानं कुणालाच कारण विचारलं नाही. तिची स्वतःची बाहीही कोपरापर्यंतच होती.

हळदीकुंकू होतं शेजारच्या अमृता खोतकडं. दोघींच्या स्वयंपाकघरात मधे एकच भिंत, त्यामुळं कुणाच्या फोडणीत लसूण करपला हेसुद्धा दोघींना कळायचं. अमृता अत्तर लावायला आली आणि तिनं रेश्माचा हात ओढला. "अगं बाही वर घे की, डाग पडंल रेशमाला!" म्हणत तिनंच बाही सर्रकन वर केली.

दंडावर रुपयाएवढी राखाडी पट्टी चिकटलेली होती.

मग अमृतानं अत्तराची कुपी खाली ठेवली आणि आपली बाही वर केली. तीच पट्टी. पलीकडं राणी कांबळे फिस्सकन हसली आणि तिनंही बाही सरकवली. मग काय विचारता! बावीस बायका होत्या आणि बावीस दंडांवर नवऱ्याच्या नावाच्या बावीस टिकल्या निघाल्या. हसून हसून बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रेश्मा, आता नाव घे, नाहीतर सोडत नाही!"

रेश्मानं पदर सावरून नाव घेतलं:

"लोखंड ओततात भट्टीवर, घामाच्या वाहतात धारा,
इंद्रजितरावांच्या टिकलीला माझ्या दंडाचा थारा."

टाळ्यांनी घर दणाणलं. वाण म्हणून अमृतानं सगळ्यांना चाळण्या दिल्या.

आता ही टिकली काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

उन्हाळे पंचेचाळीस अंशांच्या पुढं सरकले तसे भट्टीवरचे तरणेताठे गडी पस्तिशी-चाळिशीत मूत्रपिंडं निकामी होऊन पडायला लागले. एरवी हा आजार साखरेतून नाहीतर रक्तदाबातून येतो. ह्यांना दोन्ही नव्हतं. होता तो नुसता घाम, घामाएवढं पाणी पोटात न जाणं आणि वर अंगदुखीच्या गोळ्यांचा मारा. माणसाच्या एकेका मूत्रपिंडात दहा-दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि मूत्रपिंड मोठं सोशीक असतं, निम्म्याहून जास्त गाळण्या संपेपर्यंत हूं की चूं करत नाही. माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो, आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात की आता यंत्रावर रक्त धुवावं लागेल.

म्हणून कायदा आला आणि कायद्याबरोबर ही टिकली. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया. त्या कातडीतलं पाणी चाखतात, त्यात क्रिएटिनिन किती ते दर चार तासांनी मोजतात. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा रोजचा कचरा. गाळण्या चांगल्या असल्या तर तो बाहेर जातो, नसल्या तर रक्तात साठतो. त्यावरून वय आणि बाई की पुरुष हे धरून एक आकडा काढतात. शंभराच्या आसपास म्हणजे झकास. तीन महिने साठाच्या खाली राहिला तर आजार जडला असं समजायचं. पंधराच्या खाली म्हणजे कारभार आटोपला. ज्याचा आकडा असा तीन महिने साठाच्या खाली राहील, त्याला भट्टीजवळ उभं करायचं नाही, असा नियम.

नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण भट्टीवरून काढलेल्या माणसाचं पुढं काय, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. त्याचं नाव सगळ्या फाउंड्र्यांच्या एका यादीत जायचं आणि मग त्याला कुणी दारात उभं करायचं नाही. इंद्रजितचा आकडा ब्याण्णव होता. मार्चमध्ये चौऱ्याऐंशी झाला, एप्रिलात एकाहत्तर. त्या दिवशी तो घरी आला तो तोंड वाळवूनच.

"मेमध्ये साठाच्या खाली जाणार बघ हा," तो म्हणाला. मग दंडावरची टिकली सोलून त्यानं रेश्माच्या दंडाला लावली. "तू सावलीत असतीस. तुला काय धाड भरलीय?"

सावली म्हणजे काय, तर पत्र्याची शेड. तिथं रेश्मा शाळांचे गणवेश शिवायची. सत्तर बायकांत एक संडास, आणि तिथं जायला मुकादमाची परवानगी. म्हणून सकाळी घोटभर चहा घ्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊनच पाणी प्यायचं, ही तिथली रीत. वाकून वाकून कंबर धरली की पर्समधली दुखण्याची गोळी. दिवसाला दोन, कधी तीन. लेकीच्या वेळी, बाळंतपणात रेश्माचा रक्तदाब वाढला होता. पुढं तपासत राहा, असं तेव्हा सांगितलं होतं. ती लेक आता पुण्याला कॉलेजात होती आणि रेश्माच्या दंडाला मधल्या वीस वर्षांत कुणी रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला नव्हता.

तिच्या दंडावरून पहिला आकडा आला एक्क्याऐंशी. इंद्रजितनं त्या आनंदात मटण आणलं.

त्या हळदीकुंकवानंतरच्या श्रावणात इंद्रजित घरी आला तो हसतच. रेश्मा भाकऱ्या थापत होती.

"ऐकलंस काय? मला किडनीचा आजार झालाय म्हणं! आकडा अठ्ठावन्न!"

"म्हणजे हो?"

"म्हणजे टिकली बिघडलीया, दुसरं काय! कंपनीच्या डॉक्टरनं बोलावून घेतलं. बसवलं नव्या नवरीसारखं आणि एकेक विचारतोय." इंद्रजितनं डॉक्टरचा आवाज काढला. "मगदूम, सकाळी उठल्यावर मळमळतं का?"

रेश्माचा हात परातीत थांबला. सकाळी दात घासताना तिला उमासे येत. पित्त असेल म्हणून ती आमसूल चघळायची.

"मी म्हणालो, छ्या! आठ भाकरी खातोय मी. मग विचारतोय, अंगाला खाज? तोंडात लोखंडाची चव? आता भट्टीवरच्या माणसाच्या तोंडात लोखंडाची नाहीतर काय पेढ्याची चव असणार?" तो स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला. "मग म्हणाला लघवीला फेस येतो का, रात्री उठावं लागतं का. आणि शेवटी नडगीवर अंगठा दाबून बघितला. खड्डा पडतोय का म्हणं!"

"पडला?"

"कसला पडतोय! तू भाकरी बघ, करपाय लागलीया."

रेश्मानं भाकरी उलटली. मग त्याची पाठ वळली तशी तिनं साडी घोट्याच्या वर घेतली आणि नडगीवर पिठाचा अंगठा दाबला. अंगठा उचलला, पण खड्डा तसाच राहिला. ती बघत राहिली आणि तो हळूहळू, फार हळूहळू भरून आला.

तेवढ्यात इंद्रजितनं गोळ्यांची पाकिटं फळीवर टाकली. "ह्या दिल्यात. मी काय खाणार नाही, मला काय झालंय? तीन महिन्यांत आकडा साठाच्या वर न्यायचा, नाहीतर भट्टी बंद. तू टिकली जरा नीट लाव. तेलाचा हात लावू नकोस तिला."

सांगावं का? शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सांगितलं तर टिकली परत त्याच्या दंडावर जाणार, आकडा घसरला तर नाव यादीत जाणार, आणि नोकरीबरोबर कारखान्याचा वैद्यकीय विमाही जाणार. मग आजारी बायकोचं करायचं काय? सगळ्या वाटा फिरून फिरून एकाच दारात येत होत्या. तिनं गोळ्यांची पाकिटं उचलली आणि शिवणयंत्राच्या खणात, रिळांखाली लपवली. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याच्या नावाच्या गोळ्या ती घ्यायला लागली.

दुखण्याच्या गोळ्या तिनं बंद केल्या. कंबर तुटायची, तरी नाही घेतल्या. शेडमध्ये पाण्याची बाटली न्यायला लागली आणि संडासाला जाते म्हणून मुकादमाची बोलणी खाल्ली. आकडा अठ्ठावन्नचा साठ झाला, दिवाळीच्या तोंडावर त्रेसष्ट. इंद्रजितनं आळीत पेढे वाटले. "नवी टिकली मागून घेतली तसं यंत्र ताळ्यावर आलं," असं तो सांगत सुटला. रेश्मानं पेढा खाल्ला आणि तिलाही वाटलं, सुटलो बुवा.

पण मेमध्ये वसाहतीच्या टाकीचं पाणी बिघडलं. रेश्माला जुलाब-उलट्या लागल्या. अंगातलं पाणी गेलं तर गोळ्या थांबवायच्या, हे डॉक्टर रुग्णाला सांगतात. पण रुग्ण होता इंद्रजित, आणि त्याला उलट्या नव्हत्या. त्याच्या अंगमानानं ठरवलेल्या गोळ्या ती ते चार दिवसही घेत राहिली. आकडा सत्तेचाळीस झाला. मग तेहतीस. दसऱ्याला सव्वीस.

गंमत अशी की नियमानं इंद्रजितला भट्टीवरून कधीच काढायला हवं होतं. कुणी काढलं नाही. साहेब भेटले की पाठीवर थाप मारायचे. इंद्रजितला वाटायचं, आपल्यासारखा ओतणारा दुसरा मिळत नाही म्हणून डोळेझाक करतायत. रेश्माला मात्र त्या थापेची धास्ती वाटायला लागली होती.

आकडा एकोणिसावर आला तेव्हा विमा कंपनीच्या यंत्रातून आपोआप पत्र आलं. इंद्रजित मगदूम यांना मूत्रपिंड बदलण्याची गरज आहे. सोयीचा दाता: पत्नी. दोघांनी तपासणीला यावे.

शहरातल्या त्या रुग्णालयात डॉक्टर होत्या तांबोळी मॅडम. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. दोघांचं रक्त सकाळी घेतलं होतं, दुपारी त्यांनी बोलावलं. रेश्मा खुर्चीत बसली आणि मॅडमनी तोंड उघडायच्या आत बोलून मोकळी झाली. "मॅडम, आजारी हे नाहीत. मी आहे. टिकली माझ्या हातावर असते. ह्यांच्या गोळ्या मीच खाते."

इंद्रजितनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ त्याला अर्थच लागला नाही. मग लागला तसा त्यानं कपाळ बडवून घेतलं. "अगं, मला सांगायचं नाही? मी मेलो होतो काय गं?" भर दवाखान्यात तो रडायला लागला. रेश्मानं त्याच्या हातावर हात ठेवला. मग डोळे पुसून तो मॅडमकडं वळला. "माझी काढा एक आणि हिला बसवा. आज, आत्ता. मी धडधाकट आहे."

मॅडमनी दोन कागद पुढं केले. "ताई, तुमचा आकडा चौदा. ते यंत्र तुम्हाला पुरुष समजून एकोणीस म्हणत होतं. बाईचा हिशेब वेगळा असतो, त्या आकड्यातून चौथा हिस्सा कमी धरायचा. पहिल्यांदा अठ्ठावन्न आला तेव्हा तुम्ही त्रेचाळीसवर होता."

"आणि माझा?" इंद्रजितनं विचारलं.

"अडतीस."

इंद्रजितनं कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"तुमचं मूत्रपिंड कुणालाच देता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "गेल्या दोन वर्षांत तुमचं रक्त कधी तपासलं होतं?"

"दर चार तासांनी," इंद्रजित सवयीनं म्हणाला, आणि मग त्यानं आपला मोकळा दंड चाचपला.

मॅडमनी पुढचं सगळं नीट समजावून सांगितलं. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुवायचं, चार-चार तास. त्यासाठी हातातली शीर जोडून घ्यायची. नाहीतर पोटात नळी घालून घरीच, रोज औषधी पाण्याच्या चार पिशव्या. पाणी मोजून, मीठ मोजून. दुसऱ्याचं मूत्रपिंड मिळायची रांग सात वर्षांची. रेश्मानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं. "कारखान्याला हे कळंल का हो?"

मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडं थोडा तिरपा केला. त्यावर विम्याकडून आलेली त्या टिकलीची नोंद होती, एक वेडीवाकडी रेघ. "टिकलीला अंगाचं तापमानही कळतं. बाईच्या अंगाचं तापमान दर महिन्याच्या उत्तरार्धात जरासं चढतं, मग पाळी आली की उतरतं. पुरुषाचं तसं होत नाही. आणि भट्टीपुढं उभ्या माणसाची कातडी तापते, ही रेघ गेल्या दोन वर्षांत एकदाही तापलेली नाही." त्यांनी रेघेखालच्या ओळीवर बोट ठेवलं. टिकली रेश्माच्या दंडावर आल्यापासून पाचव्या आठवड्याची तारीख होती. परिधानकर्ता: स्त्री. पुढं कारखान्यातल्या कुणीतरी शेरा मारला होता: कामगाराची हरकत नाही. काम चालू ठेवावे.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," रेश्मा म्हणाली. "मी आजारी पडतेय हेसुद्धा?"

"तुम्ही त्यांच्या पटावर नाही, ताई. पटावरच्या माणसाचं बघायचं, एवढाच कायदा आहे." मॅडम उठल्या. "तुमच्या वसाहतीतून अशा एकेचाळीस टिकल्या आहेत. तुमची सोडून अकरा साठाच्या खाली. ती नावं दाखवायची मला परवानगी नाही." असं म्हणून त्यांनी यादी पडद्यावर उघडली आणि कोपऱ्यातल्या बेसिनशी जाऊन, पाठ करून, बराच वेळ हात धूत राहिल्या.

रेश्मानं वाचलं. सगळी पुरुषांची नावं आणि पुढं आकडे. ती अकरा नावं तिनं बसमध्ये पाढे पाठ करावेत तशी घरापर्यंत पाठ केली.

चौथ्या दिवशी कारखान्याचे साहेब घरी आले. अगदी गोड बोलले. टिकली नजरचुकीनं पत्नीच्या हाताला लागली आणि कुणाचीही काही तक्रार नाही, असा कागद त्यांनी आणला होता. सह्या केल्या की मगदूमला स्टोअरमध्ये बसून काम आणि वहिनींचं रक्त धुवायचं कारखान्याकडं लागलं. "फक्त वसाहतीत उगीच चर्चा नको," ते चहा पिता पिता म्हणाले. "बाकीच्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे."

इंद्रजितनं सही केली. रेश्माकडं बघून तो म्हणाला, "तू जगली पाहिजेस. मला दुसरं काय बी कळत नाही." रेश्मानंही सही केली.

संक्रांत आली. ह्या वेळी हळदीकुंकू रेश्माकडं होतं. डाव्या हाताची शीर जोडून झाली होती. जिथं टिकली असायची त्याच्या जरा खाली आता गाठ होती, आणि कान लावला तर आत रक्ताची घरघर ऐकू यायची. तिला दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलेलं, ते फडताळात बाटलीत मोजून ठेवलेलं. वाण म्हणून तिनं सगळ्यांसाठी पाण्याच्याच बाटल्या आणल्या होत्या.

बायका आल्या. सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत.

"यांना सांगून ठेवलंय, बाहेर येऊ नका म्हणून," रेश्मा म्हणाली. आतल्या खोलीत इंद्रजित कॉटवर बसून होता. दार अर्धवट उघडं होतं आणि तो तिच्याकडंच बघत होता. दुपारपासून तीनदा त्यानं तिला विनवलं होतं, आज काही बोलू नकोस.

तिळगूळ झाला, अत्तर झालं. मग नावं घ्यायला सुरुवात झाली. तिनं पाठ केली होती ती नवऱ्यांची नावं होती, आणि एकेक बाई हसत, लाजत तेच नाव सांगत होती. राणी कांबळेनं सुहासरावांचं नाव घेतलं. सुहास कांबळे, बावन्न. चौथा हिस्सा गेला, एकोणचाळीस. मग अमृता उठली. अंगठी बोटात रुतलीय, साबण लावूनसुद्धा निघत नाही, अशी मघाशीच कुरकुरत होती.

"हलव्याचे दागिने, काटा फुलला छान,
सूरजरावांचं नाव घेते, राखून सगळ्यांचा मान!"

सूरज खोत, चाळीस. म्हणजे तीस. भिंतीपलीकडून हल्ली सकाळी सकाळी उमासे ऐकू येत, ते रेश्माला आता आठवले. टाळ्या पडल्या. अमृतानं तिलाही ओढून उभं केलं. "आता यजमानीण! रेश्मा, घे की गं नाव!"

"नाव घे! नाव घे!" सगळ्या ओरडायला लागल्या.

रेश्मा उभी राहिली. आठवड्यातून तीन दिवसांची, कारखान्याच्या पैशाची, रक्त धुवायची ती खुर्ची तिला डोळ्यांपुढं दिसत होती, आणि ती नसली तर आपण किती दिवस काढू तेही मॅडमनी सांगितलेलं होतं. मरायची तिला भीती वाटत होती. खूप वाटत होती. तिनं आतल्या दाराकडं एकदा बघितलं. इंद्रजित मान हलवून नको नको म्हणत होता.

तिनं अमृताचा हात धरला, बाही वर सरकवली आणि टिकली सोलून काढली. "अमृता," ती म्हणाली. "तीस."

"अगं, काय हे? नवऱ्याचं घे की!" कुणीतरी हसलं.

रेश्मा राणीकडं वळली. "राणी. एकोणचाळीस."

आता कुणी हसेना. आतल्या खोलीत इंद्रजितनं तोंडावर हात दाबून घेतला होता. अजून नऊ नावं राहिली होती. रेश्मानं एक घोट पाणी घेतलं आणि पुढचं नाव घेतलं.